अपघात घरी झाला नव्हता

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आमचे हे मालवण बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. बर्फाच्या लाद्या मशीनीत सरकवायच्या, खाली पडणारा चुरा पोत्यांत भरायचा आणि होड्यांवर चढवायचा. मशीनीच्या तोंडावरची लोखंडी जाळी कधीच निखळली होती. होड्या घाईत असायच्या, जाळी बसवायला कुणाला सवड नव्हती. एका सकाळी तोंडाशी अडकलेला तुकडा ढकलताना उजव्या हाताची बोटं आत गेली.

निरोप आला तेव्हा मी घरी ब्लाऊज शिवत होते. सुई तशीच कापडात सोडून रिक्षाने दवाखान्यात गेले. कारखान्याचे मालक, शेट, माझ्याआधीच तिथे होते. त्यांनीच आपल्या गाडीतून यांना आणलं होतं. त्यांचा पांढरा शर्ट रक्ताने भरला होता. डॉक्टर केसपेपर लिहीत होते.

"कसं झालं हे?"

यांचे ओठ पांढरेफटक पडले होते. तरी उत्तर यांनीच दिलं. "घराकडे. नारळ सोलताना."

मी यांच्याकडे बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं. पण मागे रांग होती. यांनी सांगितलं तेच त्यांनी लिहून घेतलं.

नंतर व्हरांड्यात शेट मला म्हणाले, "वहिनी, कारखान्याचा नाव इला तर पोलीस येतले, मशीन बंद पडतली. सगळ्यांच्या पोटाचो प्रश्न आसा. मी आसंय मा? सगळा बघतंय."

आणि त्यांनी बघितलंही. औषधांचा खर्च केला, यांना बघायला घरी आले, येताना सुरमई आणली. ते वाईट होते असं मी आजही म्हणणार नाही. मधे एकदा त्यांचा कारकून टाईप केलेला कागद घेऊन आला. "ह्या नुसता हिशोबासाठी," म्हणाला. यांचा उजवा हात पट्टीत होता. यांनी न वाचताच डावा अंगठा उठवला. एक प्रत आमच्याकडे ठेवून तो गेला.

पावसाळा संपला, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या. मशीनीवर दुसरा माणूस उभा राहिला. हे शेटना भेटायला गेले आणि लगेच परत आले.

"काय म्हणाले?"

"हातात पकड नाय, तुका काय काम देव, शेट म्हणालो."

"रागान?"

"नाय गो. खरा काय ता सांगल्यान."

मी भरपाईचा विषय काढला की हे चिडायचे. "रक्तान भरलेलो असताना माका उचलून नेल्यान. त्येच्यावर केस करू?" मी म्हणायची, उचलून नेलं ते खरं, पण हात कुठे गेला तेही खरंच ना? त्या दिवसांत आमच्या घरात कामापुरतंच बोलणं होतं.

एके दिवशी हे किनाऱ्यावर गरी घेऊन बसलेले मला दिसले. डाव्या हाताने आमिष लावायला बघत होते. दोरी दातात, गरी गुडघ्यांत. आमिष वाळूत पडलं. उचललं, पुन्हा पडलं. मी मागच्या मागे घरी आले. संध्याकाळी हे स्वतःच म्हणाले, "चल. खंय जावचा ता सांग."

ओरोसला कामगार कार्यालयात एक वयस्क साहेब भेटले. त्यांनी आमचे कागद वाचले, बाजूला ठेवले, चष्मा पुसला आणि परत वाचले.

"बाई, तुमच्या बहुतेक चुका पहिल्याच दिवशी झाल्यात," ते म्हणाले. आवाजात दोष नव्हता, नुसता थकवा होता. हेच बोलणं त्यांनी आधी कितीदा केलं असेल कोण जाणे. "केसपेपरवर घर लिहिलंय. मालकाला लेखी कळवलेलं नाही. पगाराचा पुरावा नाही. आणि न वाचता अंगठा दिलात, त्या कागदात लिहिलंय की तुमची काही तक्रार नाही."

"म्हणजे काहीच होणार नाही?"

"तसं नाही. भरपाई मागायची मुदत दोन वर्षांची असते, ती अजून आहे. नोटीस रजिस्टरने पाठवा आणि पावती सांभाळा. अपंगत्वाचा दाखला घ्या. आणि मुख्य म्हणजे अपघात बघितलेलं माणूस आणा."

कारखान्यातलं कुणी येईना. रोजी जाणार होती, त्यांना तरी काय म्हणू? शेवटी एक मासे विकणारी बाई तयार झाली. अपघाताच्या सकाळी ती बर्फासाठी कारखान्याच्या दारात उभी होती. मी विचारलं तेव्हा टोपलीतले बांगडे मांडतच म्हणाली, "येतंय मी. बर्फ काय, दुसरीकडसून हाडीन."

मग नोटीस पाठवली, दाखला घेतला, केस घातली आणि तारखा सुरू झाल्या. पहाटे उठून भाकऱ्या करायच्या, बस पकडायची, कोर्टाच्या बाकावर बसायचं आणि दुपारी कळायचं की पुढची तारीख पडली. त्या बाईचाही दरवेळी बाजार बुडायचा. ती कुरकुर करायची, पण यायची.

यांची साक्ष झाली त्या दिवशी शेट समोरच बसले होते. त्यांच्या वकिलाने केसपेपर पुढे धरला.

"इथे नारळ सोलताना लिहिलंय. तुम्हीच सांगितलंत ना? मग तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

यांनी शेटकडे बघितलं.

"तेव्हा खोटं बोललो, साहेब."

"का?"

"त्यांना त्रास नको म्हणून."

शेटनी मान खाली घातली. त्यानंतर मासेवाल्या बाईने जे बघितलं ते सांगितलं आणि निकाल आमच्या बाजूने लागला. मात्र पगाराचा पुरावा नसल्यामुळे रक्कम कमी धरली. आमचे वकील म्हणाले, वरच्या कोर्टात जाता येईल. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि नको म्हटलं.

पुढे यांना जेटीवर पर्यटकांच्या बोटीची तिकिटं फाडायचं काम मिळालं. कुणाला चिरेखाणीत लागलं, कुणी कामावर असताना माडावरून पडलं, की त्यांच्या घरची माणसं माझ्याकडे येतात. मी एवढंच सांगते, डॉक्टरांना खरी जागा सांगा, मालक कितीही भला असला तरी. आणि वाचल्याशिवाय सही करू नका. ते मान हलवतात. मालक दवाखान्याच्या दारात उभा असला की त्यातलं किती आठवतं, मला माहीत आहे.

निकालाच्या दिवशी परतीच्या बसमध्ये आनंद वगैरे काही झाला नाही. मासेवाली बाई कसालला उतरली, तिला तिथे बहिणीकडे जायचं होतं. हे खिडकीला डोकं टेकून झोपले. मलाही झोप येत होती, पण आमचा थांबा चुकला असता म्हणून मी डोळे उघडे ठेवून बसले.