पूजेच्या दिवशी फोन सांभाळणारी करुणा

आज आम्ही करुणाच्या फोटोला कुंकू लावलं आणि तिच्या आईने ते पदराने पुसून टाकलं.

रागावल्या नाहीत. नुसतं पुसलं.

सकाळपासून लिहू की नको चाललंय. खूप थकलेय. पण आज वर्ष झालं, आणि नुसतं "मिस यू" टाकायला मन तयार होईना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. डोंबिवली एमआयडीसीत आमचं पंपांचे रबर सील बनवायचं छोटं युनिट आहे. वडील, भाऊ आणि मी चालवतो. करुणा तिथे डिस्पॅच बघायची. बाळकुमहून यायची, सहा वर्षं.

गेल्या वर्षी डेंग्यू झाला आणि पाच दिवसांत सगळं संपलं. सत्तावीस वर्षांची होती.

माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, उलट बोलायची हिंमत ऑफिसात तिचीच.

"नाना, टेम्पो घोडबंदरला अडकलाय. मला काय ओरडता? रोडला ओरडा ना!"

नाना हसायचे. मी तेच बोलले असते तर दोन दिवस अबोला.

तर नानांनी ठरवलं, तिचा फोटो ऑफिसात लावायचा. आजी-आजोबांच्या शेजारी. त्या भिंतीवर आजवर घराबाहेरच्या कुणाचा फोटो लागलेला नाही. "घरचीच पोर होती," म्हणाले. तिच्या आईला मुद्दाम बोलावलं.

काकू आल्या, पांढऱ्या साडीत. फोटोला हार, पुढे निरांजन, आणि कपाळावर मी माझ्या हाताने लावलेलं कुंकू.

ते पुसून झाल्यावर म्हणाल्या, "मॅडम, आम्ही बौद्ध. आमच्यात हे नसतं. तिला नाही आवडायचं."

मला माहीत नव्हतं असं नाही. आडनावावरून कळतंच की. पण आमच्या कंपनीत कुणाची जात विचारत नाहीत, हे नाना अभिमानाने सांगतात. आणि त्या नादात आम्ही तिला कधी काहीच विचारलं नाही.

आमच्याकडे दर श्रावणात सत्यनारायण असतो. शॉप फ्लोअरवर सगळे मांडी घालून बसतात.

करुणा म्हणायची, "ताई, तुम्ही बसा सगळे. फोन मी सांभाळते."

दर वर्षी.

आणि नाना बाकीच्यांना सुनवायचे, "शिका जरा! पूजेच्या दिवशीही पोरगी काम सोडत नाही."

प्रसादाचा शिरा तिच्या टेबलावर पोचवला जायचा. खायची की नाही, आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही.

आज काकूंचं ऐकून नाना खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "ताई, तुमच्यात काय करतात ते सांगा. तसं करू."

काकूंनी पर्समधून मेणबत्ती काढली. निरांजन मीच उचलून आत नेलं. त्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, एकट्यानेच. आम्ही पंधरा-सोळा जण हात जोडून उभे. एकालाही त्यातला एक शब्द येत नव्हता.

चहा घेताना मला राहवलं नाही. "काकू, ती कधी बोलली का नाही आम्हाला?"

"पहिल्याच वर्षी बोलणार होती," त्या म्हणाल्या. "मीच अडवलं. म्हटलं, नोकरी नवीन आहे, नको काही बोलूस. मग राहिलंच ते."

मला लाज वाटली. अजून वाटतेय. सहा वर्षांत तिला ही नोकरी जुनी वाटावी, असं आम्ही काही केलंच नाही.

फोटो भिंतीवर आहे. श्रावण महिन्यावर आलाय आणि नाना अजून गुरुजींना फोन करत नाहीयेत. काय करायचं ते मलाही कळत नाहीये.

जय भीम, करुणा.

तू रोज समोर होतीस तेव्हा एकदाही म्हटलं नाही गं.