मिठागराची सहा रिळं

दुसऱ्याच्या घरातल्या वासाबद्दल तोंड उघडायचं नाही, हा कानाला खडा मी अमेरिकेत आल्यावर पहिल्याच वर्षी लावला. तेव्हा आम्ही भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो आणि एका रविवारी मी मोठ्या हौसेने सुकट भाजली. दुसऱ्या दिवशी दाराला मॅनेजरची चिठ्ठी. शेजाऱ्यांची तक्रार आहे, कृपया व्हेंटिलेशनकडे लक्ष द्यावं. भाषा काय गोड! मला मात्र भर चौकात कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. पुढे कितीतरी महिने कामावर जाताना मी स्वतःच्या जॅकेटची बाही हुंगून बघायचे. तेव्हाच ठरवलं, आपल्यावर आली ती आपण दुसऱ्यावर आणायची नाही.

त्या नियमापायी मी एका माणसाचा सिनेमा घालवला. उगाच मोठं बोलत नाहीये, झालं तेच सांगतेय.

मग वाळवंटातल्या चँडलर गावात घर घेतलं तेव्हा शेजारी एक म्हातारं फिलिपिनो जोडपं होतं. मी मागच्या अंगणात शेगडी मांडून बोंबील तळत होते, तर भिंतीवरून त्या आजींचं पांढरं डोकं वर आलं आणि म्हणालं, "सुकी मासळी? आम्हीपण बाहेरच तळतो. इथल्या लोकांना वास चालत नाही ना!" झालं, जमलं आमचं. त्यांना सगळे 'आते' म्हणायचे, म्हणजे त्यांच्याकडे थोरली बहीण. मीही तेच म्हणू लागले. त्या निवृत्त नर्स. आणि त्यांचा नवरा म्हणजे 'डिरेक'. त्यांच्या देशात सिनेमाच्या दिग्दर्शकाला अशीच हाक मारतात. बायकोसुद्धा डिरेकच म्हणायची. मी आधी समजले गंमत आहे. गंमत नव्हती. ह्या माणसाने मनिलात चाळीसएक सिनेमे केले होते.

सुरुवात फिल्म कापण्या-चिकटवण्याच्या खोलीतून. मग असिस्टंट, मग डायरेक्टर. भुतांचे सिनेमे, मारामारीचे, लग्नाच्या घोटाळ्यांचे. "सकाळी सीन लिहायचा, दुपारी शूट करायचा, आठवड्यात पिक्चर संपवायचा," असं ते सांगायचे आणि स्वतःच हसायचे. त्या सिनेमांचं त्यांना काही नव्हतं. हरवले तर हरवले म्हणायचे.

एक सोडून. तो एकच त्यांनी स्वतः प्रोड्यूस केला होता. मिठागरात काम करणाऱ्या एका बाईचा. तिला गाव सोडून जायला सांगतात आणि ती जात नाही, एवढीच गोष्ट. नटी घेतली नाही. तिथलीच, खरंच मीठ ओढणारी एक बाई उभी केली. सगळा सिनेमाभर ती बहुतेक पाठमोरी, वाकलेली, आणि शेवटच्या रिळाच्या अखेरीस एकदाच वळून बघते. "चाळीस सिनेमांत मी एकच चेहरा नीट शूट केला," डिरेक म्हणायचे. तो सिनेमा थिएटरात चार दिवस टिकला. कंपनी बुडाली. ती बाईही फार जगली नाही, आणि तिचा साधा फोटोसुद्धा कुणाकडे नव्हता. पुढे आतेला इथे नोकरी लागली आणि डिरेक तिच्यामागोमाग आले. आल्यावर काय केलं? मॉलच्या दारात सिक्युरिटी गार्ड. वीस वर्षं! पोरं येऊन विचारायची, बाथरूम कुठे आहे. ते स्वतः कधी कुरकुरले नाहीत. मीच ऐकून चिडायचे.

निगेटिव्ह मनिलातल्या लॅबबरोबर पुरात गेली. जगात उरली ती एक प्रिंट, सहा पत्र्याचे डबे, डिरेकनी स्वतः बरोबर आणलेले. त्यांना भीती फक्त दमट हवेची. तिकडे बुरशीने त्यांचे कितीतरी सिनेमे खाल्लेले. म्हणून प्रत्येक डब्याला प्लास्टिक गुंडाळून वर टेप मारली होती, हवेचा कण आत जाणार नाही अशी. आमच्याकडे गॅरेज म्हणजे भट्टी, तेव्हा डबे ठेवले स्वयंपाकघराला लागून असलेल्या पँट्रीत. तिथे एसी पोचतो. शेजारच्याच फळीवर आतेच्या व्हिनेगरच्या बाटल्या. त्यांचा अर्धा स्वयंपाक व्हिनेगरमध्ये होतो. लसूण, सोया सॉस आणि व्हिनेगर घालून मटण-चिकन शिजवतात, त्याला अडोबो म्हणतात. मला फार आवडायचं.

आता माझा मूर्खपणा ऐका. मी चिप बनवणाऱ्या फॅक्टरीत काम करते. ॲसिडं, सॉल्व्हंट, हेच माझं आयुष्य. आमच्याकडे पहिला धडा असा, की ओळखीचा नसलेला वास आला तर हातातलं काम टाकायचं आणि फोन करायचा. नव्या लोकांना हा धडा मीच शिकवते, चांगला आवाज चढवून शिकवते. आणि त्याच माझ्या नाकाला, दोन वर्षांपूर्वी कधीतरी, शेजारच्या किचनमध्ये वेगळा वास आला. आंबट, नाकात टोचणारा, जेवणाआधीही आणि जेवणानंतरही. मनात म्हटलं, अडोबो आज जरा जास्तच झालाय. पुढच्या महिन्यात आणखी वाढला. माझी मुलगी त्यांच्याकडून आली की म्हणायची, "आई, देअर हाऊस स्मेल्स." मी तिला काय झापलं होतं! म्हटलं, असं परत बोललीस तर बघ. लोकांनी आपल्याला बोललेलं आठवतं ना?

त्याच सुमाराला डिरेकच्या डोळ्यांचं निघालं. डॉक्टर म्हणाले, नजर मधोमधच जाणार. कडेचं दिसत राहील, पण समोरच्या माणसाचं तोंड दिसणार नाही. वर्षभर तरी टिकेल, असं म्हणाले. डिरेकनी दुसरं काही विचारलंच नाही. घरी आले, पँट्रीचं दार उघडून उभे राहिले आणि मला म्हणाले, "तिचा चेहरा एकदा बघायचाय. तेवढं झालं की जाऊ दे डोळे."

लॉस एंजेलिसमध्ये जुन्या फिल्मची डिजिटल कॉपी करून देणारी एक लॅब सापडली. मी म्हटलं कुरियरने पाठवू, तर डिरेकनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या आईलाच खोक्यात घालायला सांगितलं होतं. आते आता हायवेवर गाडी चालवत नाहीत. मग मीच म्हणाले, "मी नेते ना! सहा तासांचा तर ड्राइव्ह. नेक्स्ट लाँग वीकेंडला नक्की."

आपल्या लोकांचं हे 'नेक्स्ट लाँग वीकेंड नक्की'! पहिल्या लाँग वीकेंडला आमच्याकडे नागपूरचे पाहुणे. दुसऱ्याला फॅक्टरीत शटडाऊन. तिसऱ्याला महाराष्ट्र मंडळाचं नाटक, त्यात माझं काम, तेही कसलं, तर मावशीचं, दीड पानाचं. मग आईचा गुडघा, मग भारत. मी दर वेळी भिंतीपाशी जाऊन सॉरी म्हणायचे आणि डिरेक दर वेळी म्हणायचे, "काही घाई नाही, अनाक." अनाक म्हणजे लेकरू. घाई नाही म्हणे! घाई त्यांनाच होती, आणि मला ते माहीत होतं.

शेवटी निघालो तेव्हा त्यांना घड्याळाचे काटे दिसेनासे झाले होते. सहा डबे मागच्या सीटवर, त्यांना सीटबेल्ट. शेजारी आते. डिरेक माझ्या बाजूला, इस्त्रीचा शर्ट घालून. बाहेर वाळवंट तापलेलं, काचा बंद, एसी फुल. अर्ध्या तासात गाडी त्या वासाने भरली. डोळे चुरचुरायला लागले. माझ्या गाडीत ना किचन होतं, ना अडोबो. तरी आशेने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला.

"आते, जेवणाचा डबा आणलाय का?"

"नाही ग. सँडविचेस आहेत."

मागून आतेचा आवाज आला, अगदी बारीक. "मला वाटायचं माझ्याच स्वयंपाकाचा वास. मी ती पँट्री दर आठवड्याला घासते. सगळ्या बाटल्या फेकल्या. तुझी मुलगी नाक दाबायची ना, मला फार लाज वाटायची."

मी गाडी कडेला घेतली नाही, काही नाही. चालवत राहिले. डिरेक समोर बघत होते, म्हणजे जे काय बघत असतील ते.

लॅबमधल्या माणसाने पहिला डबा आत नेऊच दिला नाही. बाहेर पार्किंगमध्ये, मास्क लावून, टेप कापली. झाकण निघेना, पान्याने उचकटलं. आतली फिल्म वेटोळं राहिलीच नव्हती. आक्रसून, वाकडी होऊन, एकमेकांना चिकटून तिचा गोळा झाला होता, आणि वर पांढरी भुकटी. तो समजुतीने सांगत होता. जुन्या फिल्ममधूनच हे ॲसिड सुटतं, वास ही त्याची पहिली खूण. मोकळ्या हवेत, थंडाव्यात ठेवली असती तर कदाचित टिकली असती. घट्ट बंद केल्यामुळे ती स्वतःच्याच ॲसिडमध्ये मुरत गेली. मग त्याने साधाच प्रश्न विचारला. "वास कधीपासून येतोय?"

आते माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांच्याकडे.

"दोन वर्षं," मी म्हणाले.

"दोन वर्षांपूर्वी आणली असती तर बरंचसं निघालं असतं," तो म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत तो कुणाला काय बोलतोय. डिरेकनी वाकून त्या गोळ्यावर हात ठेवला. आते एकदम ओरडल्या, "हात लावू नका, भाजेल!" डिरेकनी हात काढला नाही.

परतीच्या वाटेवर मी रडले. सरळ हुंदके देऊन, गाडी चालवताना. सॉरी, डिरेक, मला माहीत होतं, माझं कामच ते आहे, मी बोलले नाही. ते म्हणाले, "तू माझ्या बायकोचा मान राखलास." त्याने मला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सहा रिळांपैकी शेवटच्या रिळातले तीनेक मिनिटांचे तुकडे लॅबवाल्यांनी कसेबसे सोडवले. फाइल आली तेव्हा तीन महिने होऊन गेले होते. रविवारी दुपारी त्यांच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. डिरेकनी खुर्ची इतकी पुढे घेतली, की गुडघे टीव्हीच्या स्टँडला लागले. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने बघू लागले. आवाज नव्हताच. पडद्यावर मिठाचे ढीग थरथरत होते, चित्र आक्रसलेलं, जागोजागी फोड. मधेच एक बाई आल्यासारखं वाटलं. मानेपासून वर नुसता तपकिरी डाग, मागेपुढे होणारा.

"मला हलतंय एवढंच कळतंय," डिरेक म्हणाले. "काय दिसतंय, अनाक?"

आतेनी माझा दंड धरला. त्यांना काय हवं होतं ते न बोलता कळलं. मलाही तेच हवं होतं.

"ती दिसतेय, डिरेक," मी म्हणाले. "चेहरा अगदी स्पष्ट आहे. इकडेच बघतेय. फार सुंदर दिसतेय."

त्यांनी मान आणखी तिरकी केली.

"या शॉटमध्ये ती पाठमोरी आहे," ते म्हणाले. "वळते ती नंतर."

मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. आतेनी हात सोडला. पडद्यावर तुकडा संपला, काळं झालं, पुढचा सुरू झाला.

"आता?" डिरेकनी विचारलं. "आता खरं सांग."

मी डोळे पुसून नीट पाहिलं. त्या तुकड्यात बाई उभी होती. आमच्याकडे वळली असावी, कारण दोन्ही हात पुढे होते.

"डाग आहे, डिरेक. चेहऱ्याच्या जागी नुसता डाग आहे."

त्यांनी मान सरळ केली आणि खुर्ची मागे घेतली.

"बंद कर," ते म्हणाले.