साडेचार किलोचं बाळ

माझी आई शाळेचे गणवेश शिवते. ती जाडी आहे, आजोबाही जाडे होते, आणि मी जन्मले तेव्हा काट्यावर साडेचार किलो भरले. बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, "काय गुटगुटीत बाळ आहे." त्याच बायका आठ वर्षांनी विचारू लागल्या, "हिला खायला घालतेस तरी काय?" मला त्यांचा आजही राग येतो.

आईची एक चूक मात्र झाली, आणि ती शिवणाऱ्या आईचीच होऊ शकते. माझा एकही कपडा कधी घट्ट झाला नाही. शिवतानाच ती कडेला दोन बोटं जास्त कापड आत दुमडायची आणि रात्री मी झोपले की उसवून सैल करायची. माझी कंबर कधी वाढली ते मला कळलं नाही. तिच्या हातांना कळत होतं, पण तिनं ते मनावर घेतलं नाही.

तिसरीत शाळेत तपासणी झाली. सरांनी सगळ्यांची वजनं वर्गासमोर मोठ्यानं वाचली आणि धावण्याच्या सरावातून माझं नाव काढलं. मी हळू धावायचे, पण मला धावायला फार आवडायचं. घरी येऊन मी दप्तर भिरकावलं आणि पोटभर रडले.

आत्या म्हणाली, "रक्तातच आहे, कोण काय करणार?" शेजारीण म्हणाली, "आईनंच लाडावलंय." आईनं दोघींचं ऐकून घेतलं आणि मला थेट डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी जन्माचं कार्ड पाहिलं. "घराण्यात आहे, जन्मतःही वजन जास्त होतं, म्हणजे हिला धोका इतरांपेक्षा जास्त. पण धोका म्हणजे निकाल नव्हे. खाणं बदलायचं तर सगळ्या घराचं बदला, हिचं एकटीचं नको. आणि हिला पळू द्या."

"माझं चुकलं," आई म्हणाली. "मी कपडे सैल करत बसले, आधीच आणायला हवं होतं." बस्, एवढंच. रडारड तिच्या स्वभावात नाही.

दुसऱ्या दिवशी गळ्यात टेप तशीच ठेवून ती शाळेत गेली.

सर म्हणाले, "आधी वजन कमी होऊ दे, मग मैदानावर आणा."

"मैदान बंद करून वजन कसं कमी करायचं, तेवढं मला समजावून सांगा."

"अहो, शेवटी येईल ती. मुलं हसतील."

"शेवटी कुणीतरी येणारच. आणि हसणाऱ्यांचं मी बघते, त्यांच्या चड्ड्या मीच शिवते. वजन सांगायचं तर तिच्या कानात सांगा. मी कुणाचं माप शेजारच्याला ऐकू जाऊ देत नाही."

सर वही उघडून बसले. आई दारातून हलेना. घंटा झाली, मुख्याध्यापिका येऊन गेल्या, तरी ती तिथंच. अखेर सरांनी माझं नाव परत लिहिलं.

सरावाच्या पहिल्याच शर्यतीत मी शेवटची आले. बाकीच्यांचं पाणी पिऊन झालं तेव्हा मी पोचले, आणि मुलं हसलीच. आई रेषेपाशी उभी होती.

"लाज वाटली?"

"थोडी."

"मग उद्यापासून मीही येते सरावाला. हसायचंय त्यांनी दोघींना हसावं."

दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेदेखत आई चपला काढून माझ्यामागून धावली, आणि शेवटचा नंबर तिनं घेतला.