बुटांवरची फक्की

हिस्केच्या बत्तिसाव्या वाढदिवसाला तिच्या आईवडिलांच्या घरी भिंतीला लावून गोल खुर्च्या मांडल्या होत्या, दरवर्षी मांडतात तशाच. येणारा प्रत्येक जण त्या वर्तुळाला फेरी मारून सगळ्यांशी हात मिळवत होता. हिस्केचं अभिनंदन, आईचं लेकीबद्दल अभिनंदन, काकांचं पुतणीबद्दल अभिनंदन, एवढंच काय, शेजारणीचंही शेजारच्या मुलीबद्दल अभिनंदन. मग कॉफी, केकचा एक तुकडा आणि गप्पा. गप्पांचा विषयही ठरलेला होता: हिस्केने मैदानावर नक्की कुठे खेळायला हवं होतं.

उत्तरेकडच्या त्या सपाट, कालव्यांच्या मुलखात हिस्के एकटीच अशी होती जिला फुटबॉल खेळण्याचे पैसे मिळत. त्यामुळे तिच्या पायांवर सगळ्या गावाची मालकी होती. शहरातल्या क्लबात ती अकरा नंबरचा शर्ट घालून डाव्या कडेला खेळायची, आणि आपल्याला मधे, गोलसमोर खेळायचंय, असं ती कळायला लागल्यापासून सांगत आली होती. कोणी ऐकलं नव्हतं. आता मे महिन्यात तिचा करार संपत होता आणि त्याबरोबर खेळही.

“शेवटची मॅच मी मधे खेळणार आहे,” तिने केक खाता खाता जाहीर केलं. “कोरीनने कबूल केलंय.”

कोरीन म्हणजे तिची प्रशिक्षक. सगळ्यांनी याउके काकांकडे पाहिलं. हे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. जन्मभर दुधाचा टँकर चालवला आणि जन्मभर मनात आलं ते समोरच्याच्या तोंडावर बोलले. त्यांनी कोणाच्या नव्या पडद्यांना छान म्हटलं नाही की कोणाच्या बाळाला गोंडस म्हटलं नाही. सख्ख्या भावाच्या लग्नात सूप खारट झालंय, हे त्यांनी उभं राहून सांगितलं होतं. त्या मुलखात तोंडावर बोलणं हा गुण मानतात, पण काकांपुढे तिथलेही लोक हात टेकत.

“तू मधली नाहीस, पोरी,” काका म्हणाले. “तुझे पाय कडेचे आहेत.”

“पाय कडेचे कसे असतील, काका? पाय ते पाय.”

“आणि शेवटच्या मॅचला काही पणाला नसेल, म्हणून केलं असेल कबूल.”

तेही खरं होतं, आणि म्हणूनच हिस्केच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुणतक्त्यात क्लब ना वर जाणार होता ना खाली. पोराने फार हट्ट केला की हातावर गोळी ठेवावी, तसं कोरीनने तिला ते मधलं ठिकाण दिलं होतं. आईने लगबगीने चीजचे तुकडे फिरवायला घेतले आणि विषय कालव्यावरच्या पुलाच्या रंगाकडे वळवला.

या सगळ्याचं मूळ वडिलांपाशी होतं आणि ते कधी कोणी लपवलं नव्हतं. वडील, वीबे, गावच्या कालव्यावरचा पूल उघडायची-मिटायची नोकरी करत. हिस्के नऊ वर्षांची असताना गावच्या पोरांच्या संघाला शिकवायची पाळी त्यांच्यावर आली. दर वर्षी कोणातरी पालकाच्या गळ्यात ते काम पडतंच, आणि त्या वर्षी नाही म्हणायला वीबेंना सुचलं नाही. संघात एकटी हिस्केच मुलगी, आणि ती मधे खेळायची, गोलावर गोल मारायची. मग डाव्या कडेला खेळणारा सीपके लांब काठी टेकून पाण्याचा चर ओलांडायला गेला, अर्ध्यावर काठी चिखलात रुतली आणि पठ्ठ्याने हात मोडून घेतला. त्या गावात पोरांचे हात असेच मोडतात. संघात डाव्या पायाने खेळणारं दुसरं कोणी असेल तर ती हिस्केच.

“दोनच शनिवार,” वडील तिला म्हणाले होते. “सीपके आला की तू परत मधे.”

सीपकेचा हात जुळला, पण तोवर कालवे गोठले आणि तो बर्फावरच्या शर्यतींच्या नादी लागला. तो फुटबॉलकडे परत फिरकलाच नाही. पुढच्या वर्षी शिकवायला दुसरा पालक आला. त्याला हिस्के डाव्या कडेला सापडली, म्हणून त्याने ती तिथेच ठेवली. हिस्केची सगळी कारकीर्द ही अशी त्या दोन शनिवारांची मुदतवाढ होती.

त्या देशात पुढे तीन जण खेळवतात: एक मधे आणि दोघं दोन कडांना, अगदी रेषेला चिकटून, म्हणजे मैदान रुंद होतं. पोरं अक्षरं शिकायच्या आधी हे शिकतात. कडेच्याने कडा सोडायची नाही. “मॅच संपल्यावर मला तुझ्या बुटांवर रेषेची फक्की दिसली पाहिजे,” असं प्रत्येक प्रशिक्षक हिस्केला सांगत आला. पुढे प्लास्टिकचं गवत आलं, पांढरी रेषा त्यातच विणलेली आली, बुटाला काही लागेना. तरी प्रशिक्षक फक्कीचं सांगतच राहिले.

कडेचं काम म्हणजे धावायचं, समोरच्या बाईला चकवायचं, बॉल गोलसमोर द्यायचा आणि तो दुसऱ्या कोणीतरी आत ढकललेला बघायचा. मग आनंदाने एकमेकींच्या अंगावर पडायला सगळ्या धावत, आणि सर्वांत लांबून यायचं असल्यामुळे हिस्के शेवटी पोचे. वर्तमानपत्रातल्या प्रत्येक फोटोत तिची पाठ आहे. आईने तरी ते सगळे कापून ठेवलेत. “ही बघा आमची,” म्हणून ती पाहुण्यांना एक कोपर दाखवते.

हिस्के काही गप्प बसून सोसणारी नव्हती. प्रत्येक नव्या प्रशिक्षकाकडे पहिल्याच आठवड्यात जाऊन तिने मधली जागा मागितली. एकाने टेबलावर कॉफीचे कप मांडून तिला तिची जागा दाखवली, तेव्हा तिने स्वतःचा कप उचलून मधे ठेवला. त्याने तो हसत हसत परत कडेला सरकवला. एक वर्ष ती जर्मनीत खेळली, परक्या लोकांना तरी आपलं म्हणणं पटेल म्हणून. ते म्हणाले, बाई, आम्ही हॉलंडहून कडेचीच मागवली होती. देशाच्या संघाने तिला काही वेळा बोलावलं, खेळ संपता संपता आत सोडलं, आणि तेही डावीकडे. घरी येऊन ती चिडचिड करी, जेवताना सुरी आपटी. वडील मान खाली घालून बटाटे कुस्करत बसत. दोनच शनिवार म्हटलं होतं, हे त्यांना जन्मभर पुरलं.

या हिवाळ्यात आपण खेळ सोडतोय, हे सांगायला ती कोरीनकडे गेली. दोघी एके काळी एकाच संघात होत्या. कोरीनने तिचा हात धरला आणि काय हवंय तुला, असं विचारलं. हिस्के म्हणाली, मधे. कोरीनने सुस्कारा सोडला. मधे लोट नावाची मुलगी होती, वीस वर्षांची, दारात वाकून शिरणारी, आणि ती धडाधड गोल मारत होती. मग एप्रिलमध्ये लोटच्या मांडीचा स्नायू फाटला. आता काही पणाला नाही, घे तुझं ते मधलं एकदाचं, असं कोरीन म्हणाली.

हिस्केने ते घेतलं. अपमान गिळला आणि सरावाला लागली. गोलकडे पाठ करून बॉल थोपवायचा, पाठीवर भार घेऊन वळायचं, पायात बॉल येताच मारायचा. सराव अर्ध्या मैदानावर चाले, हद्दीला प्लास्टिकचे रंगीत शंकू ठेवून. त्यात तिने इतके गोल मारले की गोलकीपर वैतागली. हिस्के गाडी चालवत घरी येताना मोठ्यांदा गात असे. सगळे मूर्ख होते हे आता सिद्ध होणार, या कल्पनेने तिला भूकही चांगली लागत होती.

मॅचच्या रविवारी लख्ख ऊन होतं. गावाहून सगळे आले, याउके काका स्वतःची उशी घेऊन आले. मधल्या वर्तुळात उभी राहिल्यावर हिस्केला मैदान किती मोठं आहे ते पहिल्यांदा जाणवलं. चारी बाजूंना माणसं होती. इतकी वर्षं तिच्या एका बाजूला रेषा असायची, आणि रेषेपलीकडून कोणी अंगावर येत नसे.

खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तोच कोरीन ओरडली, “हिस्के, मधे!” हिस्केने खाली पाहिलं तर ती डाव्या रेषेपाशी उभी. ती पळत मधे गेली. बॉल उजवीकडे गेला, तेव्हा तिने गोलच्या दिशेने घुसायला हवं होतं. डोक्याने तसं सांगितलंही. पण पायांनी तिला झोकात डावीकडे नेलं, मोकळ्या जागेत, आणि तिने हात वर करून बॉल मागितला. कोरीन पुन्हा ओरडली. मध्यंतरात कोरीनने तिच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच विचारलं, ठीक आहेस ना? हिस्केने तो हात झटकला. स्वतःचा असा संताप तिला कधी आला नव्हता. दुसऱ्या अर्ध्या भागात ती मनात एकच शब्द घोकत उतरली: मधे, मधे, मधे.

डाव्या कडेला त्या दिवशी मारित खेळत होती, एकोणीस वर्षांची, वाऱ्यासारखी. खेळ संपत आला तरी गोल कोणाचाच नव्हता. तेवढ्यात मारितने समोरचीला असं काही चकवलं की ती बाई बसलीच. मारित थेट शेवटच्या रेषेपर्यंत गेली आणि तिने बॉल जमिनीलगत गोलसमोर सोडला. तो गोलकीपरच्या हातांपुढून, गोलपासून दोन पावलांवरून, त्याच्या उघड्या तोंडासमोरून हळूहळू आडवा गेला. नुसता पाय लावायचा होता. तिथे कोणी नव्हतं. बॉल पलीकडून बाहेर गेला आणि सगळ्या स्टेडियममधून एकच हळहळ उठली.

हिस्के डाव्या कडेला होती, मारितपासून चार हातांवर, एक हात वर करून.

मारितने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. तिला धाप लागली होती. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

“तू इथे माझ्या जागेवर काय करतेयस?” तिने विचारलं.

 कॉफीचे कप सरकवणारा तो माणूस, ते जर्मन, ते देशाचे निवडकर्ते, पुलावर बसलेले वडील, या सगळ्यांवर तिने वर्षानुवर्षं राग धरला होता. त्या रागावर ती पहाटे उठली होती, थंडीत धावली होती, गुडघ्याच्या दोन शस्त्रक्रियांतून उठून उभी राहिली होती. ते सगळे चुकले असतील किंवा नसतीलही. पण त्यांनी आज तिला कडेला नेलं नव्हतं, ती आपण होऊन गेली होती. उरलेला वेळ ती दात आवळून मधे उभी राहिली, एक पाऊलही हलली नाही, आणि बॉल तिच्याकडे फिरकला नाही.

मॅच बरोबरीत सुटली. क्लबच्या कँटीनमध्ये तिला मोठा गुच्छ दिला आणि काचेत बसवलेला अकरा नंबरचा शर्ट दिला. अध्यक्षांनी भाषणात तिला आमची डावी कडा म्हटलं आणि लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. हिस्के हसली, हात मिळवत फिरली आणि अखेर घरच्यांच्या टेबलाशी येऊन बसली. आईने तिच्यापुढे गरम, तळलेलं क्रोकेट सरकवलं. वडील कॉफीच्या कपात बघत होते. काका पावाला मोहरीची चटणी फासत होते.

सगळे काकांच्या बोलण्याची वाट बघत होते. हिस्केही. तिला ते ऐकायचंच होतं. त्यांनी एकदा सांगून टाकावं, म्हणजे तिलाही तोंड सोडता येईल, टेबलावर मूठ आपटता येईल, मैदान, मारित, कोरीन, कोणाला तरी शिव्या घालता येतील.

“बोला ना, काका,” ती म्हणाली. “कसा झाला खेळ?”

काकांनी सुरी खाली ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर उन्हात प्लास्टिकचं गवत चकाकत होतं. पंधरवडाभर पावसाचा थेंब पडला नव्हता आणि वडिलांची मान उन्हाने लालबुंद झाली होती.

“मैदान फार ओलं होतं,” काका म्हणाले.

 वडिलांनी कप ओठांशी नेला आणि न पिताच खाली ठेवला.

“पाय घसरत होते सगळ्यांचे,” काका पुढे म्हणाले. त्यांचा चेहरा कानापर्यंत तांबडा झाला होता. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती. “अशात कोण काय खेळणार मधे.”

हिस्के त्यांच्याकडे बघत राहिली. ते तिला तोडून बोलले असते, तर ती भांडली असती आणि पुढच्या वाढदिवसाला पुन्हा भांडली असती. तिची गत इतकी वाईट झाली होती की याउके काकांना तिची दया आली होती.

“हो,” ती म्हणाली, “फार घसरडं होतं.” आणि मग तिला रडू आवरेना.