सोनईत बसून नागापूर चालवणारे अजिनाथसाहेब

अजिनाथसाहेबांना नोकरी फार आवडायची. फक्त ती करायला सोनईहून नागापूरला यावं लागतं, एवढंच त्यांना पटत नव्हतं.

आमचा कारखाना नागापूर एमआयडीसीतला, जनावरांच्या पेंडीचा. मक्याचे, सरकीचे ट्रक आत येतात, काट्यावर वजन होतं, पेंडीची पोती भरून दुसरे ट्रक बाहेर पडतात आणि या सगळ्याची नोंद कोपऱ्यातल्या थंडगार खोलीतल्या सर्व्हरवर होते. सर्व्हर अडला की काटा अडतो, काटा अडला की रांग पार रस्त्यावर जाते आणि ड्रायव्हर लोक आमच्या घराण्याचा उद्धार करतात. त्या खोलीत मी आणि वाल्मिक असे दोघं ऑपरेटर बसायचो. अजिनाथसाहेब आमचे प्रमुख. दारावर स्वतःच्या नावाची पाटी त्यांनी स्वतःच करून आणली होती आणि आमच्या मते त्या खोलीतली नियमित हजेरी तेवढी त्या पाटीचीच होती.

साहेब येत नसत, त्याला कारणं मात्र सकस असायची. कधी गाय व्यालेली, कधी पाहुण्यांचा साखरपुडा, नाहीतर वाटेतल्या पांढरीपुलावर टायर पंक्चर. त्या पुलावर या एका माणसाचं टायर इतक्यांदा पंक्चर झालं की तिथले भेळवाले त्यांना नावानिशी ओळखत असावेत. वाल्मिक म्हणायचा, "साहेबांचं टायर भेळीच्या वासानंच बसतंय."

मग एक दिवस साहेब वेळेवर आले. आम्ही दोघं घाबरलोच. त्यांच्या हातात एक काळी पेटी होती, जेवणाच्या डब्याएवढी, मागे वायरींसाठी भोकं असलेली. ती त्यांनी टेबलावर अशी ठेवली, जशी काही देव्हाऱ्यातली मूर्ती.

"कैनात मॅडम, नीट बघा," ते म्हणाले. "साधं रिमोट सॉफ्टवेअर मशीन शुद्धीवर असंल तरच चालतंय. ही पेटी लई येगळी हाय. मशीन चालू होता होता अर्ध्यात लटकलं, तरी त्याचा स्क्रीन मला घरी दिसनार. तिथून कीबोर्ड मारीन, माउस हलवीन. मी हितं बसल्यासारखंच."

"म्हंजी तुमी हितं नसनार," वाल्मिक म्हणाला.

"गरजच न्हाई."

"आन् आमी?"

साहेबांनी वायरींचं भेंडोळं त्याच्या हातात दिलं. "वायर धर," एवढंच म्हणाले. उत्तर आम्हाला संध्याकाळी गेटवरच्या वॉचमनकडून कळलं. साहेबांनी चेअरमनअण्णांना शब्द दिला होता, की पेटी बसली की खोलीत कुणी बसायची गरज नाही, दोन्ही खुर्च्या मोकळ्या करा.

आता त्या खुर्चीबद्दल मला काय वाटायचं ते सांगते. मुकुंदनगरच्या आमच्या गल्लीत माझी अम्मी, मुबारकबी, भाजीवाल्यापासून नळ दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगायची, "माझी कैनात एसीत बसते." आमच्या घरात कारखान्यात गेलेले सगळे भट्टीजवळ नाहीतर हमालीत राबले. खुर्ची मिळालेली मी पहिली. ती कुणा आळशाच्या सोयीसाठी जाणार म्हटल्यावर माझ्या अंगाची आग झाली होती. ती मी लपवली नाही, आताही लपवत नाही.

पेटी बसवायला साहेबांनी अख्खा दिवस घेतला. सर्व्हरच्या स्क्रीनची वायर पेटीत, पेटीतून खोलीतल्या पडद्याला, मग नेटची वायर. नारळ फोडला आणि सोनईला पळाले. घरून फोन आला, "दिसतंय, दिसतंय!" मग थोड्या वेळाने ओरडायला लागले. स्क्रीन दिसत होता, पण त्यांनी काहीही दाबलं तरी इकडे ढिम्म. नागापूरचं नेट भिकार, पेटी विकणारा चोर, असं सगळं म्हणून झालं. वाल्मिक कपाटामागे वाकला आणि म्हणाला, "साहेब, हितं एक वायर नुसतीच लोंबतीय. ती कीबोर्ड-माउसची का?"

पलीकडून आवाज आला, "लाव ती. तुमच्या ध्यानात कवा येतंय, तेच बघत व्हतो."

असा हा माणूस. स्वतःच्या चुकीचीही परीक्षा आम्हालाच.

पण या हुशार माणसाला एक गोष्ट सुचलीच नव्हती. पेटी स्क्रीन त्यांना दाखवत होती, तशीच आमच्या पडद्यालाही देत होती. साहेब घरी बसून सर्व्हरवर जे करायचे ते आम्हाला इथे जसंच्या तसं दिसायचं. बाण आपोआप फिरायचा, अक्षरं आपोआप उमटायची. आम्ही चहा घेत बघत बसायचो.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते आणि यंदा पूजेनंतर साहेबांचा सत्कार ठरला होता. साहेबांनी भाषण लिहायला घेतलं ते सर्व्हरवरच, कारण तो आता त्यांच्या घरचाच झाला होता. "मी एका सामान्य शेतकरी कुटुंबातून येऊन," असं त्यांनी लिहिलं. सामान्य खोडून अतिसामान्य केलं. मग "माझे सहकारी वाल्मिक व कैनात यांचे सहकार्य लाभले" असं उमटलं. आम्ही दोघं पुढे सरकलो. बाण थोडा घुटमळला. मग ते वाक्य शेवटाकडून एकेक अक्षर पुसत मागे आलं. आधी लाभले गेलं, मग सहकार्य, मग मी आणि मग वाल्मिक.

"मला जरा जास्त येळ ठिवला," वाल्मिक म्हणाला. हसत म्हणाला, पण चहा त्याने तसाच ठेवला.

खंडेनवमीला सर्व्हरच्या कपाटाला झेंडूची माळ घातली, काळ्या पेटीला हळदीकुंकू लावलं. साहेबांना शाल मिळाली. भाषणात अतिसामान्य कुटुंब आलं, टाळ्या आल्या. मग अण्णांनी पेढा चघळत विचारलं, "म्हंजी हे सोनईतनं चालतंय?"

"व्हय अण्णा."

"आन् पुन्यातनं?"

"अण्णा, जगात कुटूनबी!" साहेबांची छाती शालीत मावेना. वर त्यांनी पेटीचा पासवर्ड एका कागदावर लिहून पेढ्यांच्या पुड्यासोबत अण्णांच्या हातात दिला. मालकाकडे असलेला बरा, म्हणाले. अण्णांनी मान हलवली. अण्णा उगाच मान हलवत नाहीत, हे कारखान्यातल्या पोत्यांनाही ठाऊक आहे. साहेबांना मात्र शालीतून काही दिसलं नाही.

वाल्मिकला पोती मोजायला गोडाऊनला पाठवलं. मला दिवाळीपर्यंतची मुदत मिळाली. अम्मीला मी काही सांगितलं नाही. ती रोज डबा देताना म्हणायची, स्वेटर घे, एसी असतो.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा साहेब पुन्हा एकदा स्वतः आले. या वेळी हातात कुलूप होतं, पितळी, नवं कोरं. खोली बंद करून किल्ली अण्णांकडे द्यायची होती. मी माझा डबा, स्वेटर पिशवीत भरत होते. साहेब दारात उभे राहून मला धीर देत होते. "वाईट नका वाटून घेऊ मॅडम. जमानाच असा हाय. बदलावं लागतंय."

तेवढ्यात पडद्यावरचा बाण हलला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही हात पिशवीत होते. "माझ्या मोबाईलवर चालू राहिलं असंल," असं म्हणत त्यांनी खिशातून मोबाईल काढला. मोबाईल म्हणत होता, पासवर्ड चुकीचा आहे. त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. पडद्यावर बाण शांतपणे फिरत होता. त्याने सर्व्हर वापरणाऱ्यांची नावं उघडली, खाली सरकला आणि अजिनाथ या नावावर थांबला. नाव निळं झालं. मग नाहीसं झालं.

साहेब झेपावले. कुलूप टेबलावर आदळलं. त्यांनी माउस धरून बाण डावीकडे ओढला, पलीकडच्याने उजवीकडे ओढला. थोडा वेळ दोघांची ती खेचाखेच चालली. मग पडद्यावर एक कोरी चौकट उघडली आणि तिच्यात अक्षरं उमटली, "कृपया माउसला हात लावू नये. काम चालू आहे."

टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे पुण्याचा कुणी तरुण होता, आवाज अगदी गोड. अण्णांनी सगळं काम त्याच्या कंपनीकडे दिलंय, म्हणाला. "मॅडम, तिथे कुणी माउस हलवतंय. त्यांना जरा खोलीबाहेर थांबायला सांगता का?"

मी सांगितलं. "साहेब, तुम्ही जरा बाहेर थांबा." कित्येक महिने मला हेच म्हणायचं होतं आणि म्हणताना मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

साहेब हलले नाहीत. त्यांचा हात अजून माउसवरच होता. "कैनात मॅडम," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता, "अण्णांना जरा सांगा ना. मी रोज येत जाईन. सकाळी आठलाच येईन. एक दिस चुकवनार न्हाई."

मी दार उघडून धरलं. ते गेले.

दार लावून मी पुन्हा खुर्चीत बसले. पुण्याच्या पोराला खोलीत कुणीतरी लागेल, अण्णांशी मी बोलेन, असं काहीबाही मनात जुळवत होते. पडद्यावर नावं अजून उघडीच होती. बाण हळूहळू खाली आला, वाल्मिकचं नाव निळं झालं आणि गेलं. मग तो माझ्या नावावर येऊन थांबला. माझा हात माउसपासून वीतभर लांब होता.