जित्त्या माणसाचा फोटो

नमुन्यादाखल छापलेली फोटोची पट्टी दोन बोटांत धरून मामा स्टुडिओतून बाहेर यायचे, माझ्या एसटीडी बूथच्या पायरीवर उन्हात ती तिरकी करायचे आणि विचारायचे, "ताई, हिरवं मारतंय का?"

मला कधी दिसायचं, कधी नाही. मी नाही म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसायचा नाही.

विट्यात आमची दुकानं भिंतीला भिंत लागून होती. जन्मभर अंधारखोलीत फोटो धुतलेल्या मामांना उतारवयात कॉम्प्युटर आणि प्रिंटर घ्यावा लागला. तो प्रिंटर करडा रंगसुद्धा सगळ्या शाया कालवून करायचा. त्यामुळे काळ्यापांढऱ्या फोटोत आज हिरवी झाक, उद्या लाल. मामा पट्टी काढायचे, शाई सुकू द्यायचे, जुन्या धुतलेल्या फोटोशेजारी ठेवून बघायचे, फसलेली फाडून आत जाऊन रंगांचे आकडे बदलायचे की पुन्हा पट्टी. असा चिवट माणूस तुमच्याही गल्लीत एखादा असेल.

पट्टीवर चेहरा मात्र नेहमी त्यांचा स्वतःचा. "जित्त्या माणसाला काळापांढरा करू ने, आन् फाडू तर न्हाईच." आमच्याकडे मोठा काळापांढरा फोटो भिंतीवर चढतो तो हार घालायलाच.

"मग स्वतःला कशाला फाडता?" मी चिडवायचे.

"मला कोण नेतंय! यमालाबी हिरवा माणूस नको आसंल."

त्या वर्षी सरहद्दीवर गोळीबार चालू होता. जवळच्या वाडीतले एक निवृत्त हवालदार विधवा सुनेला घेऊन आले. त्यांचा नातू सरहद्दीवरच होता. घरच्या भिंतीवर हवालदारांच्या वडिलांचा आणि मुलाचा, म्हणजे या सुनेच्या नवऱ्याचा, असे दोन फोटो होते. दोघेही फौजी, दोघेही गेलेले. नातवाचा रंगीत फोटो त्यांना तसाच मोठा, काळापांढरा करून हवा होता. जुळवायला जुने दोन्ही फोटो बरोबर आणले होते.

"तिघं एका वळीत एकसारखं दिसाय पायजेत."

"आवं आबा, पोरगं जित्तं हाय की," मामा म्हणाले.

"फौजीच्या घरात असलं भ्या धरत न्हाईत."

सुनेने पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं.

मामांच्या चेहऱ्याच्या पट्टीवर रंग बरोबर यायचा, पण पोराच्या वर्दीवर हिरवी झाक येईल का, ते तिच्यावरून कळेना. शेवटी नाइलाजाने त्यांनी पोराचीच पट्टी काढली. ती फाडवेना, म्हणून खिशात घालून फिरत राहिले.

पोराचा फोन दर रविवारी माझ्या बूथवर यायचा. त्या रविवारी आला नाही. पुढच्याही नाही. त्याची आई बाकावर बसून राहायची. फोन वाजला की आम्ही तिघं दचकायचो, आणि तो दुसऱ्याच कुणाचा तरी असायचा.

"ताई, म्या काय करून बसलो?" मामा म्हणायचे. मी त्यांना धीर द्यायचे, पण खरं सांगते, फोन उचलायच्या आधी मीही देवाचं नाव घ्यायचे.

हवालदारांचा तगादा चालूच होता, म्हणून एका दुपारी मामांनी तयार फोटो आणून माझ्या काउंटरवर जुन्या दोघांशेजारी ठेवला. हिरवं नाही, लाल नाही. तिघंही एकाच ठिकाणाहून माझ्याकडे बघत होते.

"जुळलं," मामा म्हणाले.

"मामा, ह्यो देऊ नका."

हवालदारांना मिळाला तो दुसराच, चहा सांडल्यासारखा तांबूस. ते भडकले. "आंधळं झालासा का काय?"

"मशिनीत दोष हाय, आबा. ह्याच्यावर न्हाई जमत," मामा हात जोडून म्हणाले. ज्या नजरेवर जन्मभर नाव कमावलं, ते त्यांनी चारचौघांत घालवलं. सुनेने मात्र फोटो उचलून छातीशी धरला आणि सासऱ्याच्या हाती परत दिला नाही. तो जुळलेला फोटो मामांनी कुठे ठेवला, मी कधी विचारलं नाही.

मग एकदाचा फोन आला. बर्फामुळे वरची लाइन बंद होती म्हणे. "जेवलास का?" एवढंच आईला विचारता आलं. मामा पायरीवर मटकन बसले.

त्याच पावसाळ्यात मामा छातीच्या दुखण्याने गेले. स्टुडिओला कुलूप लागलं.

दिवाळीत पोरगा सुट्टीवर आला. तोच तांबूस फोटो कागदात गुंडाळून माझ्या दारात उभा. "मामा कुठायत? आबा म्हणत्यात, नीट काळापांढरा करून आण. उद्या निघतोय मी, तवर हुईल का?"

सांगलीत असं काम करणारे तेव्हा बरेच होते. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मामा गेले रं," मी म्हटलं. "आता ह्ये कुणाला जमत न्हाई. तू परत ये, मग बघू."