कात्री धरायची कुणी?

शिवणाचा क्लास घेणाऱ्या बाईला शिवण किती येतं ते सोडा, सबबी मात्र सगळ्या तोंडपाठ असतात. मंगळवार पेठेत, घराच्या पुढच्या खोलीत मी बरीच वर्षं क्लास घेतेय. 'मला शिवण का जमणार नाही' याची जेवढी कारणं लोकांनी मला सांगितली, ती जोडून चादर शिवली असती तर अख्ख्या रंकाळा तलावावर पसरून वर दोन उशांचे अभ्रे निघाले असते! कुणाचे डोळे, कुणाची कंबर, कुणाचं वय, कुणाची सासू. एकीनं तर "आमच्यात शिवण चालत न्हाय" असंही सांगितलं होतं. ब्लाऊज मात्र चालत होता.

कधी हसू येतं, कधी डोकं फिरतं. पण किस्से साठत जातात. गेल्या बॅचचे तर कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

*

पहिल्या दिवशी शोभाकाकी दारातच उभ्या राहिल्या. गडमुडशिंगीहून बसनं आलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या माणसानं 'ओ' द्यावी.

"म्याडम, शिकाय आलोय. पर आधीच सांगतो. चष्मा हाय, गुडघा दुखतोय, आणि गणित कच्चं हाय. मापं-बिपं मला जमायची न्हाईत."

मी 'बसा' म्हणेपर्यंत त्यांची नजर खिडकीवर गेली.

"ह्यो पडदा कुणी शिवला वो? डाव्या अंगाला दोन बोटं आखूड हाय की!"

पडदा मीच शिवला होता. टेप लावून बघितला. दोन बोटं आखूड!

"तुमचं गणित चालतंय मला," मी म्हटलं. "उद्यापासून या."

मग त्या खुर्चीवर टेकल्या आणि खरी गोष्ट बाहेर आली. लेक मुरगूडला दिलेली, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी येणार. बारशाला सगळ्या बायकांसमोर बाळंतविडा मांडतात. त्यातली झबली-टोपडी बाजारातली नकोत, आजीच्या हातची असावीत, एवढी एकच इच्छा. त्यासाठी त्या रोज बसचे धक्के खायला तयार होत्या.

"सगळं शिकतो. पर कात्री मी धरणार न्हाय. कापून कुणी बी द्या, शिवतो मी."

कारण विचारलं तर आधी नुसत्याच हसल्या. मग सांगितलं. लहानपणी थोरल्या बहिणीच्या लग्नातला ब्लाऊज हौसेनं यांनी कापला होता, आणि दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघाल्या. नवरी अख्खं लग्न पदर लपेटून उभी. तेव्हापासून भावकीतली एक चुलती प्रत्येक कार्यात हा किस्सा सांगते, नव्या सुनांना तर आवर्जून.

"लोक हसायचे, मी बी हसायचो. पर कात्री सुटली ती सुटलीच. दुधाची पिशवी बी दातानं फोडतो बघा!"

*

आमच्या बॅचमधले एकमेव पुरुष म्हणजे बापू. एसटीचे रिटायर ड्रायव्हर. पॅन्ट आखूड करायला टेलरकडं गेलं की तो 'दिवाळीनंतर बघू' म्हणतो, म्हणून वैतागून शिकायला आलेले. पण आल्या आल्या दार लावून घेतलं.

"पुरुष माणूस मशीनवर बसलेला गल्लीनं बघितला तर काय म्हणंल?"

"बापू, गल्लीतले टेलर काय बायका आहेत का?"

बापू विचारात पडले. "व्हय की! पर ती माणसं पोटासाठी शिवत्यात."

"मग तुम्ही पॅन्टसाठी शिवा!"

दार उघडलं. पण पायमशीन काही ऐकेना. पाय जरा चुकला की चाक उलटं फिरायचं आणि दोरा तट्‌कन तुटायचा. नवशिक्यांचं सगळ्यांचंच असं होतं, पण बापूंना ते फार लागलं.

"आयुष्यभर घाटात गाडी चालवली म्याडम, अन् हितं सारखी रिव्हर्स पडतीय. रिव्हर्सला मागनं कंडक्टर लागतोय, त्याशिवाय न्हाय जमायचं."

"मी हाय की!" शोभाकाकी उठल्याच. बापूंच्या मागं उभ्या राहून ओरडायला लागल्या, "येऊ द्या, येऊ द्या... आता फुडं घ्या!"

खोटं वाटेल, पण त्या आरडाओरड्यात बापूंचा पाय बसला. अख्खा अभ्रा त्यांनी दोरा न तोडता शिवला. फक्त एक सवय शेवटपर्यंत गेली नाही. कोपरा आला की बापू मशीन थांबवायचे, उजव्या खांद्यावरून मागं बघायचे, आणि मगच कापड वळवायचे!

*

पूजाची गोष्ट निराळी. बी.कॉम. झालेली, नवीन लग्न झालेली, मोबाईलवर शिवणाचे व्हिडिओ बघून बघून पक्की झालेली. कटोरी ब्लाऊजपासून अनारकलीपर्यंत सगळं तोंडी सांगायची. मशीनवर मात्र बसायची नाही.

घरी मशीन होतं, तेही सासूबाईंनी कौतुकानं घेतलेलं. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची, हळदकुंकू, फूल, सगळं. मग वरून प्लॅस्टिकचं कव्हर आणि कव्हरवर इस्त्रीचे कपडे.

"सासूबाई म्हणतात, नीट शिकल्याशिवाय हात लावू नको, बिघडंल."

"आणि शिकणार कशावर?"

"तेच की!"

शेवटी मी तिला हाताला धरून मशीनवर बसवलं. परकर शिवायला दिला, सरळ शिवण. पोरगी घामाघूम झाली, पण थांबली नाही. शेवटचा टाका घातला, दोरा कापला आणि आनंदानं ओरडली, "म्याडम, झालं! फिटिंग बघा!"

उठून माझ्याकडं यायला लागली, तर परकर तिच्या मागोमाग यायला लागला. स्वतःची ओढणी शिवणीत घालून पार शेवटपर्यंत शिवली होती!

पूजा रडकुंडीला आली. बापूंनी चष्मा वर करून नीट पाहणी केली.

"काय न्हाय झालं. गाडी चांगली हाय, नुसती टो करून न्यावी लागंल."

पूजा आधी हसली, मग उसवायला बसली. उसवायला आलं की निम्मं शिवण आलं, असं मी नेहमी सांगते. कुणाला पटत नाही.

*

क्लासमध्ये माझा एक नियम आहे. पहिलं कटिंग घरून आणलेल्या ब्लाऊजपीसवर करायचं. आता ओटीतले ब्लाऊजपीस कुणाच्या कपाटात नसतात? ढीग असतो. पण तो कापायला कुणी तयार होत नाही. "हे द्यायचं हाय, म्याडम!" हळदीकुंकवाला हिनं तिला द्यायचं, तिनं वास्तुशांतीला दुसरीला द्यायचं. एकेका पीसनं आयुष्यात जेवढा जिल्हा बघितलेला असतो, तेवढा मीही बघितलेला नाही.

पूजानं एक हिरवा पीस आणला. घडी उलगडली. कोपऱ्याला चहाचा बारका डाग. तो डाग माझ्या हातून पडला होता, आणि डाग आत घडीत घालून तो पीस मीच एकीच्या ओटीत घातला होता!

"कुणी दिला गं तुला?"

"आत्यांनी. त्यांना त्यांच्या जावेनं दिला, तिला..."

"पुरे, पुरे!"

सगळ्या पीसभोवती जमल्या. कापायचं कुणी? पूजा म्हणाली, चांगला आहे, अजून एकदा देता येईल. शोभाकाकी म्हणाल्या, डाग आत घालून द्यायचा. (या बाईला कसं कळलं, देव जाणे!) शेवटी बापू उठले, कात्री घेतली आणि मधोमध चालवली.

"लई फिरली. गाडी डेपोला लागली बघा!"

सगळे हसले. शोभाकाकी पण हसल्या, पण कात्रीचा आवाज आला तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलेलं मी बघितलं.

*

तोवर शोभाकाकींचं शिवण असं सुधारलं होतं की बघत राहावं. टीप सरळ, काजं बारीक, हेमिंग तर माझ्यापेक्षा सुबक. पण सगळं दुसऱ्यानं कापलेलं.

लेक माहेरी आली आणि काकींनी एक जुनी सुती साडी आणली. धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. बाळाच्या अंगाला नवं कापड टोचतं, म्हणून जपून ठेवलेली.

"म्याडम, एवढं झबलं कापून द्या."

"नाही."

पूजानं कात्रीकडं हात नेला. मी तिच्याकडं असं बघितलं की तो हात परत गेला.

"बारशात आजीच्या हातचं म्हणून सांगणार ना? मग आजीनंच कापायचं."

काकींचा चेहरा उतरला आणि मग तापला. "तुमचं काय जातंय वो म्याडम? तुमच्यावर कोण हसणार हाय? आधीच चुलती टपून बसलीया. त्यात विहीणबाई मुरगूडच्या, तोंडाच्या फटकळ. हसं माझं व्हायचं!" साडी पिशवीत कोंबली आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. मला फार वाईट वाटलं. कात्री शिकवायच्या हट्टात बाईचं शिवणच सुटलं, असं सारखं मनात यायचं. बापू समजूत काढायचे, "येत्यात वो. गाडी लेट झाली आसंल."

गाडी आठवड्यानं आली. काकी आल्या त्या तणतणतच.

"लेक म्हणती, आई, राहू दे, बाजारातलं आणू. बाजारातलं! आणा ती कात्री हिकडं!"

मी आधी जुना पेपर पुढं ठेवला. कागदावर माप काढायचं, कागद कापायचा, कागद फुकट जातो, भीती कसली? माप काढून झालं. कात्री हातात घेतली आणि थांबल्या.

"ह्याच्यावर देवाचा फोटू हाय. कसं कापू?"

सबब होती, पण फोटो खरंच होता. पेपर उलटा केला. त्या बाजूला पानभर वाढदिवसाच्या शुभेच्छा. गॉगल घातलेला कुणीतरी दादा, हात जोडून.

काकींनी त्या दादाकडं नीट बघितलं.

"ह्यो चालतोय!" म्हणाल्या, आणि कात्री चालवली.

गॉगलमधनं, मिशीमधनं, जोडलेल्या हातांमधनं, थेट खालपर्यंत. कागद बाजूला झाला तेव्हा काकींचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, लपवायचं काय त्यात?

पण साडी काही त्यांनी क्लासमध्ये कापली नाही. "चुकलं तर माझ्या घरात चुकंल," म्हणाल्या आणि कागद साडीच्या घडीत घालून घेऊन गेल्या. पुढं काय झालं ते विचारलं की नुसतं म्हणायच्या, "बारशाला या."

*

बारशाला आम्ही तिघंही गेलो. बसमध्ये बापू ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि प्रत्येक वळणाला त्यांचा पाय ब्रेक दाबत होता.

दारात मांडव, पाळण्याला फुलं, घुगऱ्यांचा वास. मुलगी झाली होती, गोरी-गोमटी, मुठी आवळून गाढ झोपलेली. नाव ठेवून झालं, कुर्रर्र झालं आणि बायकांनी बाळंतविड्याभोवती कोंडाळं केलं. चुलतीबाई अगदी पुढं येऊन बसल्या होत्या. पूजानं माझा हात घट्ट धरला. पूजाचा हात गार पडला होता. माझा तरी कुठं गरम होता?

मुरगूडच्या विहीणबाई एकेक वस्तू उचलून बघायला लागल्या. टोपडं छान. कुंची छान. दुपट्याची शिवण उलटी-सुलटी करून बघितली, तरी नावं ठेवायला जागा सापडेना.

मग झबलं उचललं.

दोन्ही हातांनी वर धरलं. ते उलगडत गेलं, खाली आलं, आणखी खाली आलं आणि विहीणबाईंच्या मांडीवर टेकलं. आखूड होईल या भीतीपोटी काकींनी कागदापेक्षा प्रत्येक मापाला थोडं-थोडं वाढवून कापलं होतं. बाह्या मात्र बरोबर होत्या, एक उजवी, एक डावी. पण बाह्यांकडं बघतंय कोण?

"अगं बया! विहीणबाई, हे झबलं बाळाचं म्हणायचं का जावयाचं?"

मांडवात हशा पिकला. पाळण्यातली पोर दचकून उठली. चुलतीबाईंनी पदर सावरला, घसा साफ केला आणि शेजारच्या नव्या सुनेकडं वळल्या. मी मान खाली घातली. कापून दिलं असतं तर काय बिघडलं असतं, असं अगदी मनापासून वाटलं.

शोभाकाकी घुगऱ्यांचं ताट घेऊन येत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं. विहीणबाईंच्या हातातलं झबलं घेतलं, रडणाऱ्या नातीला त्यात पार गळ्यापर्यंत गुंडाळलं, उचलून खांद्यावर घेतलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"झबलं बरोबर हाय, विहीणबाई. पोरगीच बारकी हाय अजून. येतीय की मापाला!"